दुष्काळ जातो, खोली राहते

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

‘आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?’ ही म्हण आपण माणसाच्या अकलेबद्दल वापरतो, घरातल्या पैशाबद्दल वापरतो, कधी कधी कवीच्या प्रतिभेबद्दलही वापरतो. पण ज्याने कुणी ती पहिल्यांदा उच्चारली, तो माणूस खऱ्याखुऱ्या आडाच्या काठावर उभा असणार. बहुधा ती बाई असणार, कारण पाणी शेंदणे हे आपल्याकडे बाईचेच काम. दोर संपला, पोहरा तळच्या खडकावर आपटला, आणि रिकाम्या भांड्याचा तो आवाज ऐकून तिच्या तोंडून हे वाक्य निघाले असेल.

आज मला या आडाच्या तळाबद्दल बोलायचे आहे. दुष्काळ म्हटला की आपण वर बघतो. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, हत्तीनेही सोंड फिरवली नाही, अशी आपली दुष्काळाची बखर आभाळाकडे बघून लिहिलेली असते. पण दुष्काळाचा दुसरा एक इतिहास जमिनीखाली लिहिला जातो, आणि तो वाचायचा तर मराठवाड्यासारखे ठिकाण नाही.

आधी ही जमीन कशी आहे ते पाहू. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या पत्थराने, म्हणजे बेसाल्टने व्यापलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरत गेले आणि दख्खनचे पठार तयार झाले. उत्तरेत गंगेच्या खोऱ्यात वाळू आणि गाळाचे शेकडो फूट जाडीचे थर आहेत, त्यांत पाणी स्पंजात राहावे तसे राहते. आपल्या पत्थरात तशी सोय नाही. आपले पाणी राहते ते वरच्या मुरमात, झिजलेल्या खडकात, सच्छिद्र मांजऱ्यात, आणि दोन थरांमधल्या भेगांत. त्याखालचा घट्ट काळा पाषाण जवळजवळ कोरडाच असतो. म्हणजे निसर्गाने आपल्याला दिलेला रांजण उथळ आहे. तो एका चांगल्या पावसाळ्यात भरतो आणि दोन उन्हाळ्यांत सहज रिकामा होतो.

आता पाऊस कमी पडला म्हणजे या रांजणाचे काय होते? पावसाच्या पाण्यावर पहिला हक्क मातीचा. भेगाळलेली काळी माती आधी आपली तहान भागवते, मग पिकाची मुळे घेतात, काही पाणी उन्हाने उडून जाते, काही ओढ्यानाल्यांतून वाहून जाते. या सगळ्यांतून जे उरते, ते खाली मुरते. त्यामुळे पाऊस जितका घटतो, त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात मुरवण घटते. खात्यापित्या घराचे उत्पन्न निम्मे झाले तर जेवण निम्मे होत नाही, शिल्लक टाकणे मात्र पूर्ण थांबते, तसेच हे.

दुसरी गोष्ट अशी, की ज्या वर्षी रांजणात पाणी येत नाही, त्याच वर्षी त्यातून उपसा वाढतो. पाऊस असता तर जी ज्वारी आणि कापूस आभाळाच्या पाण्यावर आले असते, त्यांना विहिरीचे पाणी द्यावे लागते. तलाव आटलेले, नद्या आटलेल्या, म्हणून गावेही विहिरीकडे वळतात आणि शहरेही. इकडे भर नाही, तिकडे उपसा दुप्पट. मग पातळी खाली जाते. नदीला हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात जे पाणी असते ते पावसाचे नसते. काठच्या जमिनीतून पाझरून आलेले असते. जमिनीची पातळी नदीच्या पात्राखाली गेली, की तो पाझर थांबतो. म्हणून विहिरी आणि नद्या एकाच घरातली माणसे आहेत. एक आजारी पडले की दुसरे अंथरूण धरते.

हे सारे आपल्या पूर्वजांना विज्ञानाच्या भाषेत ठाऊक नसेल, पण अनुभवाने ठाऊक होते. मलिक अंबरने १६१० साली खडकी नावाचे शहर वसवले. तेच पुढे औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. या शहरासाठी त्याने सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नहर बांधली, तिला आपण नहर-ए-अंबरी म्हणतो. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेले पाणी भुयारात झिरपू द्यायचे आणि केवळ उताराच्या जोरावर ते शहरात आणायचे, अशी ही योजना. तत्त्व इराणमधल्या कनातीचे, पण पत्थर आणि घाम दख्खनचा. याच काळात बऱ्हाणपुरात अब्दुर्रहीम खानखानानच्या वेळी अशीच भुयारी व्यवस्था झाली. बिदरमध्येही अशी भुयारे आहेत.

या नहरीचे कौतुक करताना आपण तिच्या बांधकामाचे गुण गातो. मला तिचा दुसरा एक गुण महत्त्वाचा वाटतो. नहरीला बैल लागत नाही, इंजिन लागत नाही, म्हणून ती जमिनीतून ओढून काहीही घेऊ शकत नाही. जमिनीतली पातळी भुयाराच्या वर असेल तेवढेच पाणी तिच्यात येते. पाऊस कमी झाला की धार बारीक होते, आणि शहराला घागरी मोजून भरायची वेळ येते. दुष्काळाची बातमी नहर त्याच वर्षी देते. पुढच्या वर्षाचे पाणी आज उपसायची सोय तिच्यात नाही.

मोटेचेही असेच होते. बैलजोडी दिवसभरात किती फेऱ्या करील याला मर्यादा होती. विहीर तळाला गेली की मोट थांबवून झरे भरून येण्याची वाट पाहावी लागे. या सक्तीच्या विश्रांतीत विहिरीला श्वास घेता येई. मी जुन्या काळाचे गोडवे गात नाही. त्याच काळात माणसे दुष्काळात किड्यामुंग्यांसारखी मेली. १६३० ते १६३२ चा दुष्काळ, १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, शतक संपताना आलेले दोन भीषण दुष्काळ, यांच्या आठवणी अंगावर काटा आणतात. तेव्हा पाणी होते आणि माणसे सुखी होती, असे म्हणणे त्या मेलेल्यांचा अपमान ठरेल. पण त्या दुष्काळांनी जमिनीखालचा रांजण फोडला नव्हता, एवढे मात्र खरे.

महात्मा फुल्यांनी हे ओळखले होते. १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ते सरकारला सांगतात, की डोंगरउतारावर बंधारे घाला, म्हणजे पावसाचे पाणी शेतांतून मुरत मुरत मग ओढ्याला मिळेल. पाणाड्यांकडून शेतांची पाहणी करून झऱ्यांच्या जागा नकाशात नोंदवा, असेही ते सुचवतात. मुरवणे आणि मोजणे, या दोन्ही गोष्टी त्यात आल्या. पण त्याच्या एक वर्ष आधी, १८८२ साली, इंग्रज सरकारने जो सुविधाधिकारांचा कायदा केला, त्याने जमिनीखालच्या पाण्यावर जमीनमालकाचा हक्क मानला. ज्याची जमीन त्याचे पाणी. ज्याला जमीन नाही, त्याच्या तहानेचा त्यात उल्लेखही नाही. हा विचार पुढे किती महाग पडणार होता, हे कळायला आणखी शंभर वर्षे जावी लागली.

मग १९७२ उजाडले. माझ्या पिढीला दुष्काळ म्हटला की हेच साल आठवते. १९७० पासून पाऊस कमी होत गेला आणि १९७२ मध्ये त्याने पाठच फिरवली. मिलो ज्वारीच्या लाल भाकरी, सुकडी, खडी फोडण्याची कामे. मे १९७३ मध्ये राज्यात जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. गावाच्या गावे कामावर गेली, पण १८७६ सारखी माणसे मेली नाहीत, हे या राज्याने कमावलेले मोठे पुण्य. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी या दुष्काळात घट्ट रुजली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. आज गावोगाव दिसणारे कितीतरी पाझर तलाव याच काळातले.

मराठवाड्यातले म्हातारे लोक एक वाक्य हमखास बोलतात: बहात्तरला खायला नव्हते, पण प्यायला होते, आता खायला आहे, प्यायला नाही. म्हाताऱ्यांची बहुतेक वाक्ये आपण सोडून देतो. हे सोडू नये. यात चाळीस वर्षांचा भूजलाचा इतिहास सामावला आहे. बहात्तरला पाऊस नव्हता तरी आड-विहिरींच्या तळाशी घागरभर पाणी मिळे, नाही मिळाले तर नदीच्या वाळूत झिरा उकरला की ओल लागे. पुढे पाऊस बहात्तरपेक्षा फार वाईट नसलेल्या वर्षांतही टँकर लागू लागले. मधल्या काळात आपण काय केले, हा प्रश्न आहे.

आपण खोल गेलो. त्याची सुरुवात चांगल्या हेतूने झाली होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. साठीच्या दशकाच्या अखेरीला, उत्तरेतल्या दुष्काळाच्या वेळी, युनिसेफने कठीण खडक भेदणारी यंत्रे भारतात आणली. जालन्यात चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने खेड्यांतून विंधन विहिरी घेण्याचे काम सुरू केले होते. पाणी लागत होते, पण वरचे ओतीव लोखंडी हातपंप टिकत नव्हते. ते एका कुटुंबासाठी बनवलेले, आणि इथे दिवसभर सारे गाव त्यांच्याशी झुंजणार. तेव्हा जालना आणि सोलापूर इथे दणकट पंप घडवले गेले. त्याच धर्तीवर सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप तयार झाला. तो देशभर गेला, आफ्रिकेतही गेला. जगातल्या कोट्यवधी माणसांनी ज्या पंपाचे पाणी प्यायले, त्याचे एक मूळ आपल्या जालना-सोलापुरात आहे, याचा अभिमान आपण फारसा बाळगत नाही.

त्या हातपंपाने आणखी एक काम केले. ज्या वस्तीला गावच्या विहिरीच्या काठावर चढू दिले जात नव्हते, तिच्या दारात हातपंप आला. पोहरा उंचावरून ओतला जाण्याची वाट पाहत हात जोडून बसण्याची पाळी संपली. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालचा. त्यानंतर पन्नास वर्षांनी काही वस्त्यांना आपले स्वतःचे पाणी मिळाले. म्हणून विंधन विहिरीला सरसकट दोष देणे मला जमत नाही. शिवाय हातपंपाची तहान माणसाएवढीच असते. माणसाच्या दंडात जेवढे बळ, तेवढेच पाणी वर येते. हातपंपाने कोणतेही गाव कोरडे केले नाही.

कोरडे केले ते त्याच भोकात उतरलेल्या विजेच्या पंपाने. पिण्यासाठी आणलेले तंत्र ऐंशीच्या दशकापासून शेतीसाठी वापरात आले. बोअर गाड्या तमिळनाडूतून येऊ लागल्या, रात्रीतून दोन-तीनशे फूट भोक पाडून देऊ लागल्या. वीज मीटरवर न मोजता पंपाच्या अश्वशक्तीवर आकारली जाऊ लागली, तेव्हा पंप तासभर चालवा की रात्रभर, बिल तेच. ऊस पिकवला तर कारखाना हमखास घेतो, ज्वारी-तूर पिकवली तर भावाची हमी नाही. अशा वेळी शेतकऱ्याने ऊस लावला, याबद्दल त्याला एकट्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. त्याने हिशेबच केला होता. फक्त त्या हिशेबात जमिनीखालच्या रांजणाची बाजू मांडायला कुणी नव्हते.

बोअरमध्ये एक फसवी गोष्ट असते. चारशे फुटांवर लागलेले पाणी चारशे फुटांचेच असते असे नाही. पुष्कळदा वरच्या मुरमातले, शेजारच्या विहिरीचे पाणी बोअरच्या भोकातून खाली ओघळत असते. आपल्याला वाटते नवे पाणी सापडले. सापडलेले असते शेजाऱ्याचेच. म्हणून एका शिवारात पाच बोअर झाले की उघड्या विहिरी आधी आटतात. ज्याच्याकडे कर्ज काढायची ऐपत आहे तो आणखी खोल जातो, ज्याच्याकडे नाही तो विहीर बुजवून मजुरीला जातो. आणि खरोखरच खोल भेगांत लागणारे पाणी अनेक वर्षांपूर्वी मुरलेले असते, ते लवकर भरून येत नाही. त्यात क्षार जास्त असतात. नांदेडच्या किनवट भागात, यवतमाळ जिल्ह्यात फ्लोराइडने दात आणि हाडे खराब झालेली माणसे आहेत.

२०१४ आणि २०१५ या लागोपाठच्या दोन वर्षांत मराठवाड्यात सरासरीपेक्षा सुमारे ४० टक्के कमी पाऊस पडला. मांजरा धरण कोरडे पडले. लातूर परिसरात आठशे, हजार फुटांपर्यंत बोअर गेले आणि त्यांतून धूळ निघाली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. ती गाडी सगळ्या देशाने पाहिली. पण त्याच वर्षी पावसाळा चांगला झाला, विहिरी पुन्हा भरल्या, आणि ज्या उत्साहाने आपण गाडी पाहिली त्याच उत्साहाने तिला विसरलो.

आपल्या उथळ रांजणाचा हा मोठाच दोष आहे. तो लवकर भरतो, म्हणून आपल्याला शहाणपण येत नाही. एक चांगला पावसाळा झाला की पातळी वर येते, वर्तमानपत्रांतले आकडे सुधारतात. पण दुष्काळात पाडलेली भोके बुजत नाहीत. बसवलेले पंप कुणी काढून ठेवत नाही, काढलेले कर्ज फेडायचे तर ऊसच लावावा लागतो. पुढच्या वेळी पाऊस थोडा कमी झाला, तरी उपसा मात्र जुन्या दुष्काळाने वाढवून ठेवलेलाच असतो. दुष्काळ जातो, त्याची खोली मागे राहते. बहात्तर ते २०१६ या काळात मराठवाड्याच्या पाण्याचे काय झाले, याचे माझ्या मते हेच उत्तर आहे. २०२५ च्या सप्टेंबरात याच भागात अतिवृष्टीने शेते खरवडून नेली. त्या पुराने विहिरी तुडुंब भरल्या म्हणून हा प्रश्न मिटला, असे कुणी समजू नये.

मग उपाय काय? मोजण्याचे काम राज्यात होते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा सत्तरच्या दशकाच्या आरंभापासून काम करते आहे आणि राज्यातल्या हजारो निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठरावीक वेळी नोंदवते. कायदाही आहे. १९९३ च्या कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायला बंदी घातली. पुढे २००९ चा कायदा २०१३ नंतर लागू झाला. त्यात ६० मीटरपेक्षा खोल जाण्यावर निर्बंध आहेत.

मला गंमत वाटते ती ही, की विहिरीभोवती राखीव वर्तुळ आखण्याची ही कल्पना फार जुनी आहे. इस्लामी धर्मशास्त्रात तिला ‘हरीम’ म्हणतात. जनावरांना पाणी पाजण्यासाठी कुणी विहीर खणली, तर तिच्या भोवती चाळीस हातांपर्यंत दुसऱ्याने विहीर खणायची नाही, असा दंडक. पाणी, चारा आणि आग यांत सगळ्या माणसांचा वाटा आहे, अशीही शिकवण आहे. नदीकाठी वजूला बसलात तरी पाणी उधळू नका, हे मुसलमानाच्या घरात लहानपणीच कानावर पडते. वाळवंटातल्या लोकांना जे चौदाशे वर्षांपूर्वी कळले, ते १८८२ च्या कायद्याने विसरायला लावले आणि १९९३ साली पुन्हा आठवले. फरक एवढाच, की हरीम गावाच्या डोळ्यांसमोर असे. आमचे ५०० मीटर कागदावर आहेत, आणि बोअरची गाडी रात्री येते.

म्हणून ज्यांनी ते वर्तुळ गावाच्या मनात आखले, त्यांची आठवण काढली पाहिजे. बहात्तरच्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात फिरताना हादरून गेलेले पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे नायगावला येऊन राहिले आणि तिथून पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणशी मिळेल. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढे. भूमिहीनालाही वाटा. आणि ऊस लावायचा नाही. १८८२ च्या कायद्याला मराठी मुलखाने दिलेले हे सर्वांत थेट उत्तर आहे. त्यानंतर नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली नियम केला, की शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही. पावसाळा संपला की गाव एकत्र बसते, किती पाऊस पडला, किती मुरला, किती शिल्लक आहे हे मांडते आणि मग कोणते पीक घ्यायचे ते ठरवते. पाऊस कमी, तर पीक कमी.

या दोन्ही गावांनी पाणी अडवले, मुरवले, हे सगळे सांगतात. पण बंधारे तर इतर पुष्कळ गावांनीही बांधले. नायगाव आणि हिवरे बाजारचे वेगळेपण बंधाऱ्यात नाही; मुरलेले पाणी कुणी, किती आणि कशासाठी काढायचे हे त्यांनी चारचौघांत ठरवले, यात आहे. दुष्काळ त्यांनाही चुकला नाही. पण दुष्काळाच्या वर्षी त्यांनी खोली वाढवली नाही, गरज कमी केली. नहरीची धार बारीक झाली की शहर जे करी, तेच त्यांनी आपखुशीने केले.

हे प्रत्येक गावाला जमेल का? सोपे नाही. ज्याचे पोट उसावर आहे, त्याला दुसरे पीक परवडेल असा भाव द्यावा लागेल. विजेचा आणि पाण्याचा हिशेब जोडावा लागेल. शहरांनाही आपल्या टाक्या आणि बंगल्यांतले बोअर मोजावे लागतील, सारा उपदेश खेड्यालाच करून चालणार नाही. पण एक गोष्ट आजही प्रत्येक गावाला करता येईल. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर जन्म-मृत्यूचे, घरपट्टीचे फलक असतात. त्यांच्या शेजारी गावच्या एका विहिरीची पातळी लिहा. दिवाळीला किती हात पाणी होते, होळीला किती, अक्षय्य तृतीयेला किती. शाळेतली मुले दोरी सोडून मोजतील. सलग पाच वर्षांचे आकडे समोर आले, की पुढचा बोअर घेण्याआधी गाव निदान एकदा तरी त्या भिंतीकडे बघेल, आणि आडात किती आहे हे पोहरा सोडण्याआधीच सगळ्यांना ठाऊक असेल.